आत कोण आहे?

गिरणीत बहिऱ्या माणसाचं काही अडत नाही. अडतं ते गिरणीबाहेर.

गिरणी म्हणजे पिठाची नव्हे, दगडाची. खाणीतून ट्रक भरभरून दगड यायचा, क्रशरच्या जबड्यात त्याचे तुकडे व्हायचे, ते रबरी पट्ट्यावरून वर चढायचे आणि एका आडव्या लोखंडी पिंपात जाऊन पडायचे. पिंप आपलं म्हणायचं, होतं ते चांगलं दोन खोल्यांच्या घराएवढं. त्याच्या पोटात लोखंडाचे गोळे. पिंप फिरू लागलं की गोळे वर चढायचे, धबाधब खाली आदळायचे आणि दगडाचं पीठ करायचे. पाण्यात कालवलेलं ते राखाडी पीठ पुढे धातू वेगळा काढायला जायचं. कामगार या पिंपाला म्हातारी म्हणत. दिवसभर कटकट करते आणि गप्प बसली की सगळ्यांना घोर लागतो, म्हणून म्हातारी.

म्हातारी चालू असताना शेजारी उभं राहून कोणी बोंब ठोकली तरी नुसतं उघडलेलं तोंड दिसायचं. त्यामुळे तिथे सगळे हातांनी बोलत. दोन बोटं एकमेकांवर घासली की दगड कमी पडतोय. अंगठा ओठांना लावला की चहा. टोपी काढल्यासारखं केलं की साहेब येतोय, आणि तीच टोपी पायाखाली तुडवल्यासारखं केलं की साहेब गेला. या भाषेत मामांचा हात धरणारा कोणी नव्हता. मामा म्हणजे म्हातारीचे ऑपरेटर. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचे मामा. साहेबाच्या मेव्हण्याच्या लग्नाची अख्खी गोष्ट ते नुसत्या हातांनी सांगत आणि पट्ट्याच्या टोकाला उभा असलेला माणूससुद्धा डोळे पुसत हसायचा.

हेच मामा घरी गेले की दगड होत.

कान काही एका दिवसात गेले नाहीत. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी गेली, फोनची घंटी गेली, बायकोचा आवाज गेला, आणि शेवटी पुरुषांचे आवाजसुद्धा भिंतीपलीकडून आल्यासारखे झाले. मामा कामाला लागले तेव्हा कानात घालायला काही मिळत नसे. कोणी चिंधी कोंबली तर बाकीचे त्याला बाईमाणूस म्हणून चिडवत, आणि चिडवणाऱ्यांत मामा पहिले. पुढे रबरी बोळे आले, ते घातलेच पाहिजेत असा नियम आला, पण तोवर म्हातारीने आपलं दळण उरकलं होतं.

मामांनी हे कोणालाही सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. कोणी काही बोललं की ते अंदाजाने "हो" म्हणत, मान हलवत आणि गोड हसत. माणूस हसून हो म्हणतो तेव्हा त्याला कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही, ही त्यांची युक्ती. एकदा जिन्यात शेजारी भेटला, काहीतरी म्हणाला. मामा म्हणाले, "वा वा, छान." शेजाऱ्याची आई वारली होती. तेव्हापासून त्या घराचं दार मामांना पाहून लागायचं, आणि मामांना आजतागायत कळलं नव्हतं की का.

कारखान्यात दर वर्षी कानांची तपासणी व्हायची. काचेच्या पेटीत बसायचं, कानांवर टोपणं चढवायची, आवाज आला की बटण दाबायचं. मामांनी पहिल्याच वर्षी हेरून ठेवलं होतं की बाहेरचा तपासनीस आवाज सोडताना उजवा खांदा किंचित उचलतो. खांदा उचलला की मामा बटण दाबत. तपासनीस म्हणायचा, तुमच्या वयाला असे कान म्हणजे नवलच. तेसुद्धा मामांना ऐकू आलं नव्हतं, तोंडावरून कळलं.

एवढा खटाटोप कशासाठी? पगारासाठी म्हणाल तर पगार कुठेही बसवलं तरी मिळालाच असता. भीती वेगळी होती. सगळ्या दुनियेत एकच जागा अशी होती जिथे माणसं मामांशी बोलत आणि मामांना कळत असे. तिथून उठवलं तर उरलेल्या आयुष्यात कोणाशी बोलायचं? डावऱ्याचं काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

डावरा म्हणजे आता स्टोअरमध्ये बसणारा. पूर्वी तो मामांचा जोडीदार होता. पट्ट्याखालच्या रोलरमध्ये अडकलेला दगड काढायला तो वाकला, एका मिनिटाचं काम म्हणून स्विच बंद न करताच, आणि वरून कोणीतरी थांबलेला पट्टा सुरू केला. उजवा हात खांद्यापासून गेला. बरा होऊन तो परत आला तेव्हा लोक गोळा झाले, पाठीवर थापा पडल्या. पण बोलायला दोन हात लागतात. एका हाताने तो बोलायचा ते अर्धं कळायचं, अर्धं राहायचं, आणि लोक मान हलवून पुढे जायचे. थोड्याच दिवसांत त्याने आपण होऊन स्टोअर मागून घेतलं. एक हात उरला तो डावा, म्हणून नाव डावरा. कारखान्यात दया अशीच दाखवतात.

त्याच्या अपघातानंतर कुलपांचा नियम आला. म्हातारीच्या पोटात किंवा पट्ट्याखाली जो कोणी जाईल त्याने आधी मेन स्विच पाडायचा, त्याच्या दांड्याला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी आपल्या खिशात ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असेल तरी दांडा वर जात नाही. आणि सगळी कुलपं निघाली तरी माणूस आत शिरतो त्या भोकाचं झाकण लावण्याआधी ऑपरेटरने भोकातून डोकं आत घालून विचारायचं, "आत कोण आहे?" विचारायचं आणि थांबून ऐकायचं. हे ऑपरेटरचं काम, दुसऱ्या कोणाचं नाही.

म्हणजे गंमत बघा. म्हातारी गरजत असताना मामा सगळ्यांच्या बरोबरीचे, किंबहुना एक पाऊल पुढेच. ती गप्प झाली की सगळ्यांचे कान मोकळे व्हायचे आणि मामा एकटे पडायचे. आणि नेमकं त्याच वेळी त्यांनी ऐकायचं होतं. गेली काही वर्षं ते भोकातून डोकं आत घालत, जोरात विचारत, जरा थांबत आणि झाकण लावत. आत कधीच कोणी नसे. कधीच कोणी नसे म्हणून त्याची भीतीही उरली नव्हती.

त्या दिवशी म्हातारीच्या आतल्या झिजलेल्या पोलादी पट्ट्या बदलायच्या होत्या. सकाळपासून फिटर आणि त्याची माणसं आत होती. फिटर म्हणजे तरणाबांड, तोंडाने आणि हाताने सारखाच फटकळ, मामांच्या गोष्टींना सगळ्यात मोठ्याने हसणारा. काम आटोपलं, माणसं बाहेर आली, एकेकाने आपापलं कुलूप काढलं आणि सगळे हात धुवायला आणि चहाला पांगले. फिटरनेही कुलूप काढलं. चार पावलं गेला आणि त्याच्या लक्षात आलं की नाकावर चष्मा नाही. घामाने घसरतो म्हणून तो आत एका बोल्टला अडकवून ठेवला होता. आता पुन्हा स्विचपर्यंत जा, पुन्हा कुलूप लावा, कशाला? जातो आणि आणतो. मामा पलीकडच्या बाजूला पाणी मारत होते. फिटर आत शिरला.

मामा आले. त्यांनी स्विचकडे बघितलं, एकही कुलूप नव्हतं. भोकातून डोकं आत घातलं. काळोख. पोलादाचा आणि ओल्या दगडाचा वास.

"आत कोण आहे?"

थांबले. मग डोकं बाहेर काढलं, झाकण बसवलं, नट आवळले, दांडा वर केला. भोंग्याचं बटण दाबलं. भोंगा त्यांना ऐकू येत नसे. वरचा तांबडा दिवा गरगरू लागला की वाजतोय असं ते समजत. दिवा फिरला. आता राहिलं हिरवं बटण.

मामांना एक सवय होती. म्हातारी सुरू करण्याआधी ते तिच्या पोटावर तळहात ठेवायचे. गोठ्यातल्या गाईला थोपटावं तसं. त्यावरून सगळे त्यांना चिडवत. मामीला सांगू का, असं हातांनी विचारत. त्या दिवशीही त्यांनी एक हात हिरव्या बटणाकडे नेला आणि दुसरा म्हातारीच्या पोटावर ठेवला.

तळहाताला दोन ठोके लागले.

मामा थबकले. पुन्हा दोन. ठक, ठक. मग अधीर, वेडेवाकडे, पण दोन-दोनच. कारखान्यात ज्या काळी नियम नव्हते त्या काळापासून चालत आलेली ही खूण. आतला माणूस दोनदा ठोकतो, म्हणजे मी आहे. बाहेरचा एकदा ठोकतो, म्हणजे ऐकलं.

पान्हा हातात घेऊन त्यांनी एकदा ठोकलं, दांडा खाली ओढला आणि नट सोडवायला लागले. झाकण निघालं तेव्हा भोकातून फिटरचा चेहरा वर आला. चष्मा नाकावर वाकडा बसला होता, आणि चेहरा आतल्या दगडासारखा राखाडी.

बाहेर येऊन तो जमिनीवरच बसला. त्याचे ओठ भराभर हलत होते. मामा त्याच्यासमोर उकिडवे बसले आणि ओठांकडे बघत राहिले.

"ओरडत होतो मी!" फिटर म्हणत होता. "तुम्ही डोकं आत घातलंत ना, तेव्हाच ओरडलो. आहे, आहे, थांबा म्हणून! एवढा ओरडलो, मामा! तुम्ही बघितलंत आणि झाकण लावलंत!"

'आहे, आहे' एवढं मामांना ओठांवरून कळलं. बाकीचं कळण्याची गरजच नव्हती.

जरा वेळाने फिटरच्या अंगात धग आली आणि त्याचबरोबर दुसरी भीती. त्याने इकडेतिकडे बघितलं. कोणी नव्हतं. मग तो हातांनी बोलू लागला. मी कुलूप लावलं नव्हतं. सेफ्टीच्या मॅडमना कळलं तर मी घरी. तुमचं लक्ष नव्हतं, वय झालं, होतं असं. तुम्ही सांगू नका, मीही सांगत नाही. त्याने ओठांवर बोट ठेवलं, मामांचा हात धरून गदागदा हलवला आणि उठून गेला. चहावरून माणसं परत आली. म्हातारी सुरू झाली. हिरवं बटण फिटरनेच मामांना मागे ओढून दाबलं, कारण मामांनी दोन्ही हात म्हातारीच्या पोटावर ठेवले होते आणि ते काढतच नव्हते.

कोणालाही काही कळणार नव्हतं. तपासणीच्या कागदावर मामांचे कान ठणठणीत होते. फिटर बोलणार नव्हता. मामांनी नुसतं गप्प राहायचं होतं, आणि त्यात तर त्यांचा हातखंडा.

दुसऱ्या दिवशी त्यांचा हात बोलेना. कोणी काही विचारलं तर नुसती मान. चहाच्या सुट्टीत ते उठले आणि स्टोअरकडे गेले. डावऱ्याकडे ते फारसे जात नसत. स्टोअरमध्ये शांतता असायची, म्हणजे तिथे तोंडाने बोलावं लागणार.

डावरा हातमोज्यांचे गठ्ठे लावत होता. मामांना बघून काही म्हणाला. मामा हसून "हो" म्हणाले. डावऱ्याने जरा रोखून बघितलं, मग पाठ वळवली, फळीवर गठ्ठा ठेवला, परत वळला आणि भुवया उंचावून वाट बघत उभा राहिला.

"हो," मामा म्हणाले.

डावऱ्याने या वेळी काही विचारलंच नव्हतं. तो खुदकन हसला. मग त्याचं हसू गेलं. त्याने आपल्या एकुलत्या हाताने कानाकडे बोट केलं आणि मूठ मिटली. बंद? मामांनी खाली बघितलं. कितीतरी वर्षांत त्यांना कोणी हा प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला तो या अर्ध्या भाषेत. त्यांना एकदम रडूच फुटलं. तिथेच, हेल्मेटच्या पेट्यांवर बसून म्हातारा माणूस हमसाहमशी रडला. डावरा दार लावून आला.

मामांनी त्याला सगळं हातांनी सांगितलं. चष्मा, झाकण, दिवा, ठोके. डावरा बघत राहिला. मग हळूहळू, एकेक शब्द ओठांवर आणि हाताने सुटा करत तो बोलला. "पट्टा ज्याने चालू केला होता ना, माझ्या वेळी. तो परत कधी आलाच नाही."

मामांना तो माणूस आठवत होता. दुसऱ्याच दिवशी काम सोडून गेला होता.

"हाताचं मी सोडून दिलं," डावरा म्हणाला. "हात काय, जायचा होता, गेला. पण त्याने एकदा यायला हवं होतं. माझ्यासमोर बसून म्हणायला हवं होतं की मी बघितलं नाही. एवढंच. मी वाट बघितली त्याची. अजून दार वाजलं की बघतो."

मग मामा उठले आणि थेट मॅडमच्या खोलीकडे गेले.

सेफ्टीच्या मॅडम वयाने लहान, बोलायला नेमक्या. त्यांच्या खोलीबाहेरच्या लांबलचक हॉलमध्ये सगळं ऑफिस बसायचं. दार उघडंच होतं. मामांनी ठरवलं होतं की ही गोष्ट चारचौघांत नको, अगदी हलक्या आवाजात सांगायची. ते टेबलापुढे उभे राहिले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, मला ऐकू येत नाही."

मॅडम दचकल्या. बाहेरच्या हॉलमध्ये एकूण एक मान वर झाली. मामांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता. म्हातारीच्या शेजारी उभं राहून मारावी तशी आरोळी त्यांनी ठोकली होती.

मॅडमनी उठून दार लावलं, पण मामा बोलत होते आणि दाराला ते आवरण्यासारखं नव्हतं. तपासणीतला खांदा सांगितला. भोकातून विचारायचो आणि ऐकू येत नसताना झाकण लावायचो, वर्षानुवर्षं, तेही सांगितलं. कालचं सांगितलं. फिटरचं कुलूप नव्हतं हे गाळायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते गाळलं तर तो आत कसा होता याला उत्तर उरत नव्हतं. "त्याचं कुलूप नव्हतं, हे खरं," ते म्हणाले. "पण तो ओरडला होता. मी तिथे होतो आणि तो ओरडला होता." सगळं ऑफिस हातातलं काम सोडून ऐकत होतं.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटलं. त्यांनी आपला चेहरा मामांच्या समोर आणला आणि सावकाश विचारलं, "घरी माहीत आहे?"

मामांनी मान हलवली. नाही.

"आधी घरी सांगा," मॅडम म्हणाल्या.

पुढे जे व्हायचं ते भराभर झालं. आत विचारायचं ते आता दोघांनी, आणि बॅटरी मारून आत बघितल्याशिवाय झाकण लावायचं नाही, असं ठरलं. फिटरला काही दिवस कामावर येऊ दिलं नाही. मामांना वजनकाट्यावर टाकलं. फाटकाजवळ काचेची खोली. दगडाचा ट्रक काट्यावर येऊन थांबतो, आकडा दिसतो, हात वर केला की ट्रक जातो. ऐकण्यासारखं काही नाही आणि बोलण्यासारखंही कोणी नाही.

फिटर परत कामावर आला त्या दिवशी सकाळी मामा म्हातारीकडे आपला डबा आणि जुना पान्हा न्यायला गेले. म्हातारी गरजत होती. मामांनी फिटरला बघून दोन्ही हात उचलले. या भाषेत 'चुकलो' म्हणायला हात छातीवर आडवे ठेवतात. मामांनी ठेवले. फिटरने त्यांच्याकडे बघितलं, चष्मा वर सरकवला आणि आपले दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

खिशात हात म्हणजे तिथे तोंड फिरवणंच. मामांना म्हातारीच्या पोटाला हात लावावा असं वाटलं, पण ती आता दुसऱ्याची होती. डबा उचलून ते निघाले.

घरी मात्र त्यांनी अजून काही सांगितलं नव्हतं. मॅडमनी सांगूनही नाही. सगळ्या ऑफिससमोर ओरडून सांगितलेली गोष्ट घरच्या एका माणसाला सांगायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

त्या संध्याकाळी ते घरात शिरले तेव्हा तळपायांना थरथर लागली. म्हणजे बायको आतल्या खोलीत शिलाई मशीनवर होती. ती घरात आहे की नाही हे मामांना या थरथरीवरूनच कळे. मशीन थांबलं की घर रिकामं. पूर्वी ते दारातून आत येताच ती म्हणायची, "अहो, ऐकलंत का?" आणि मग दिवसभराचं काय काय. ते केव्हा बंद झालं हे त्यांना आठवत नव्हतं. आपल्याला ऐकू यायचं बंद झालं की तिचं म्हणणं बंद झालं, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

ते मशीनसमोर जाऊन बसले. तिने वर बघितलं आणि पुन्हा कापडाकडे.

"मला ऐकू येत नाही," मामा म्हणाले. या वेळी त्यांनी स्वतःच्या गळ्यावर हात ठेवला होता, आवाज किती होतोय ते कळावं म्हणून. "बऱ्याच वर्षांपासून. तुझं काहीच ऐकू येत नाही."

थरथर थांबली. तिचे ओठ हलले. मामांना कळलं नाही. "पुन्हा म्हण," ते म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी वर्षानुवर्षं कोणाला म्हटले नव्हते. "समोर बघून म्हण. सावकाश."

"मला वाटलं," ती म्हणाली, सावकाश, त्यांच्याकडे बघून, "तुम्हाला माझा कंटाळा आला."

मामांनी जोरजोराने मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती. दोन्ही एकाच वेळी. किती वेळा हाका मारल्या, ती म्हणाली. किती वेळा विचारलं. तुम्ही हसून हो म्हणायचात आणि उठून जायचात. मग मी बोलायचंच सोडलं. आणि शेजारी? त्याची आई गेली तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणालात ते माहीत आहे का तुम्हाला? मामांना यातलं निम्मं कळलं, निम्मं कळलं नाही. डावऱ्याचं बोलणं लोकांना असंच कळत असणार, असं त्यांच्या मनात आलं. तरी ते उठले नाहीत. हो म्हणाले नाहीत.

मग त्यांनी तिला फिटरचं सांगितलं. आत कोण आहे असं विचारलं, तो ओरडला, आणि मी झाकण लावलं. तळहाताला दोन ठोके लागले म्हणून वाचला. आतला दोनदा ठोकतो, मी आहे म्हणून. बाहेरचा एकदा ठोकतो.

"एकदा म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे ऐकलं."

तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा कापड सुईखाली सरकवलं. मशीन सुरू झालं. मामांचा हात मशीनच्या लाकडी फळीवर पडला होता तो त्यांनी तसाच राहू दिला. थरथर बोटांतून मनगटापर्यंत चढत होती. आता सांगून झालं होतं. उद्या पुन्हा काचेची खोली, ट्रक, आकडा. फिटरचे हात खिशातून कधी बाहेर निघतील ते सांगता येत नव्हतं.

मशीन थांबलं. मामांनी मान वर केली नाही. घर नेहमीसारखं रिकामं झालं एवढंच त्यांना वाटलं.

तेवढ्यात फळीतून त्यांच्या तळहाताला दोन ठोके लागले.

त्यांनी वर बघितलं. ती समोरच बसली होती, हातात कात्री उलटी धरून, मूठ फळीवर टेकवून. तिचे ओठ मिटलेले होते. बोलून उपयोग नाही हे तिला कळलं होतं. तिने पुन्हा दोनदा ठोकलं आणि वाट बघत राहिली.

मामांनी बोट वाकवून एकदा ठोकलं.